बोलकं बोट

"बोलला! बोलला! पेंटर बोलला!"

दुकानाच्या दारात चवड्यांवर उभा असलेला शिंपी मागे वळून ओरडला, आणि रस्त्यावर लांबलेल्या रांगेतून एकच 'अहाहा' उठला. बायकांनी हात जोडले. एका म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आत काय बोलणं झालं ते तिला ऐकूही आलं नव्हतं, पण रडायला ऐकू यावं लागतं थोडंच!

हा पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. आसपासच्या निम्म्या दुकानांची नावं त्याच्याच हातची. एके दिवशी शिडीवर उभं राहून पाटी रंगवताना त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्याच्याबरोबर वाचाही गेली. तहान लागली तर 'पाणी' म्हणता येत नव्हतं बिचाऱ्याला. आणि अशा माणसासमोर लोक रांग लावून विचारत होते, "माझी बदली होईल का?" "हरवलेली सायकल कुठे सापडेल?" "धाकट्या जावयाचं डोकं ताळ्यावर कधी येईल?"

दुकानातली व्यवस्था बघण्यासारखी होती. खुर्चीत उशांना टेकवून बसवलेला पेंटर. समोर टेबल. टेबलावर त्याचीच जुनी नमुन्याची फळी आडवी ठेवलेली. गिऱ्हाइकाला अक्षराचं वळण दाखवायला त्याने ती कधीकाळी रंगवली होती. सात ओळी, एकेका ओळीत पाच अक्षरं, वरच्या डाव्या कोपऱ्यात क आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात क्ष. पेंटरच्या डाव्या बाजूला बसायची वाचाताई. हे नाव लोकांनीच ठेवलेलं. ती पेंटरचा धडका डावा हात मनगटापाशी धरायची, त्याचं पहिलं बोट पुढे काढायची, डोळे अर्धवट मिटायची, आणि ते बोट टकटक करत अक्षरांवरून फिरायला लागायचं.

फळीवर काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. त्या ज्याच्या त्याने लावून घ्यायच्या. बोट न-क-र या तीन अक्षरांवर टेकलं, की कामाच्या शोधात आलेल्याला 'नोकरी' दिसायची आणि मुलगी बघून आलेल्याला 'नकार'. दोघेही डोळे पुसत बाहेर पडायचे आणि म्हणायचे, "अगदी मनातलं बोलला हो!" मनातलंच होतं ते, फक्त ज्याचं त्याचं.

"मी कोण?" वाचाताई म्हणायची. तिचा आवाज कोमट दुधासारखा. "मी नुसती पन्हळ. पाणी वरून येतं, खाली पडतं. पन्हळीला विचारता का कुणी, पाऊस कुणी पाडला? शरीर थकलं की आत्म्याची मुळाक्षरं जागी होतात. त्या लहरी असतात, लहरी! मी फक्त हात धरते."

कसल्या लहरी आणि कसलं काय! पण ऐकणाऱ्यांच्या माना डोलायच्या. रंगाच्या एका रिकाम्या डब्यात लोक यथाशक्ती काहीबाही टाकून जायचे.

हे सगळं दुकानाच्या कोपऱ्यात उभी राहून बघत होती पेंटरची धाकटी. तिचे ओठ सुकलेले होते. कारण पेंटरने खाणंपिणं टाकलं होतं, आणि 'मी अन्न सोडलं आहे, मला जाऊ द्या' असं त्याने म्हणे स्वतःच्या बोटाने सांगितलं होतं. आज रांग दुप्पट झाली होती ती त्याचमुळे. जाणाऱ्याकडून शेवटचं काहीतरी पदरात पाडून घ्यायला माणसं धावतात. तिचा बाप तिच्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

*

या घरात एक जुनं भांडण होतं. धाकटीचा दादा कॉलेजात गणित शिकवायचा. त्याचं म्हणणं, पुस्तकात नाही ते जगात नाही. आत्या, म्हणजे पेंटरची थोरली बहीण, तीन पोरं वाढवून आणि दोन आजारपणं काढून या घरात राहायला आलेली. ती म्हणायची, "तुझी पुस्तकं राहू देत बाजूला. मी तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत." आणि धाकटी म्हणायची, "अरे, थोडी अक्कल वापरली तर दोन्ही नाही लागत." तिची शाळा अर्ध्यात सुटली होती. आई गेली तेव्हा दुकानात हाताशी कुणीतरी हवं होतं, आणि दादा अभ्यासात हुशार होता. म्हणून बाबांनी तिच्या हातात ब्रश दिला. तिला कुणी विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. पण दादाच्या पदवीचा फोटो भिंतीवर लागला तेव्हा त्याची चौकट तिनेच रंगवली होती, आणि रंगवताना तिला काय वाटत होतं ते तिचं तिलाच ठाऊक.

जेवताना तिघांची जुंपली की पेंटर हसायचा. "भांडा, भांडा," म्हणायचा, "पण पाटी सरळ आहे का ते कुणी बघितलं?" त्याचा एक नेम होता. पाटी रंगवून झाली, की ब्रश खाली ठेवायचा, रस्ता ओलांडून पलीकडे जायचा आणि तिथून ती वाचायचा. धाकटीलाही त्याने तीच सवय लावली. "जवळून सगळीच अक्षरं सरळ दिसतात, पोरी. पलीकडे जा. कुठलं अक्षर लटपटतंय ते तिथून कळतं."

झटका आल्यावर हॉस्पिटलातल्या नर्सने सांगितलं होतं, "त्यांना समजतं सगळं. डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही, असं शिकवा." शिकवलं. पण ते फार जिकिरीचं काम. पाणी हवंय? नाही. उशी? नाही. खिडकी? नाही. विचारणाराही थकायचा आणि सांगणाराही. आणि हो-नाहीत माणूस सापडतो का? त्याचं हसणं, त्याचा चिडका विनोद, त्याचं 'पोरी' म्हणणं, यातलं काहीच नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. त्यांच्या हातात तर काडीही नव्हती. तेवढ्यात कुणाच्या तरी ओळखीने वाचाताई आली.

पहिल्या दिवशी तिने पेंटरला हातही लावला नाही. धाकटीबरोबर स्वयंपाकघरात बसली. चहा घेतला. फार विचारलंही नाही. नुसतं "हं, मग?" म्हणायची. धाकटीला कित्येक महिन्यांत कुणी 'हं, मग?' म्हटलं नव्हतं. बांध फुटावा तशी ती बोलत सुटली. आई, दुकान, दादाचा फोटो, सुटलेली शाळा, सगळं ओतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट पहिल्यांदा फिरलं. प-र-म-झ-च-क-ल. आणि मग, श-ळ.

पोरी, माझं चुकलं. शाळा.

धाकटी बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. हे एक वाक्य ऐकायला तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आदल्या दिवशी चहा पिताना आपणच हे सगळं सांगितलंय, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला. तिने त्याला दाराबाहेर काढलं आणि कडी लावून घेतली.

दादाची गत त्याहून न्यारी. आधी तो नाक मुरडायचा. पण बोटाने त्याला 'तुझा अभिमान वाटतो' म्हटल्यावर त्याने कुठूनसा एक लेख शोधून काढला. "सूक्ष्म स्नायूंना आधार मिळाला की दडलेली भाषा वाट काढते. यावर संशोधन चालू आहे." पढतमूर्ख म्हणतात तो हाच. साधा मूर्ख नुसता फसतो, शिकलेला माणूस फसण्याला कारणंही शोधून देतो. आणि आत्या? ती म्हणाली, "आमचे आजोबा जाताना असेच शहाण्यासारखे बोलत होते. मी पाहिलंय." झालं! पुस्तकाने शिक्का मारला, अनुभवाने साक्ष दिली, आणि अक्कल तोंडाला पदर लावून गप्प बसली.

*

दुपारी डॉक्टर आले. त्यांनी पेंटरच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"अंगात पाणी राहिलेलं नाही," ते म्हणाले. "गिळता येतंय त्यांना, मी मागेच तपासलं होतं. मग खात का नाहीत? तोंड उघडा बघू."

पेंटरने जबडा घट्ट आवळला. डॉक्टरांनी बोटाने हनुवटी खाली ओढायला घेतली, तर तो घशातून कण्हला.

"नका हो छळू जीवाला!" वाचाताई कळवळली. "त्यांनी दारं मिटून घेतली आहेत. प्रवासाला निघालेल्याला मागे ओढू नये."

बाहेरच्या गर्दीतूनही ओरडा झाला, "डॉक्टर, सोडा त्यांना!"

"त्यांना आजच्या आज हॉस्पिटलात हलवा," डॉक्टर दादाला म्हणाले. "नळीने अन्न देता येईल."

दादाने मान खाली घातली. "डॉक्टर, नळी नको म्हणून त्यांनी स्वतः सांगितलंय."

"कुणी?"

"बाबांनी. बोटाने."

डॉक्टरांनी फळीकडे बघितलं, मग दादाकडे. "तुम्ही कॉलेजात शिकवता ना?" एवढंच म्हणून त्यांनी बॅग उचलली. दारात धाकटीपाशी थांबून म्हणाले, "मी संध्याकाळपर्यंत दवाखान्यात आहे. विचार बदलला तर बोलवा. उद्यावर ढकलू नका."

धाकटी त्यांच्या मागोमाग बाहेर पडली. गर्दीतून वाट काढत ती रस्ता ओलांडून गेली आणि पलीकडच्या बंद दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. बाबा पाटी वाचायला उभे राहायचे ती हीच पायरी. वळून बघितलं तर उघड्या दारातून चित्रासारखं दुकान दिसत होतं. खुर्ची, फळी, वाचाताईचा वाकलेला खांदा, आणि टकटक फिरणारं बोट.

इतके दिवस ती जवळून नुसतं बोटच बघत आली होती. सगळेच बोट बघत होते. पलीकडून तिला बाबांचा चेहरा दिसला.

बाबांचे डोळे मिटलेले होते. मान एका बाजूला कललेली. आणि बोट म, ल, ज, द अशा तिला पाठ असलेल्या जागा एकेक करून अचूक टिपत होतं.

आयुष्यभर ज्या माणसाने न बघता एक ठिपका ठेवला नाही, तो डोळे मिटून फळी वाचत होता!

बाबा बोलत नव्हते. बाबा कधीच बोललेले नव्हते. म्हणजे 'अन्न सोडलं' हेही त्यांचं नाही. म्हणजे त्यांना भूक असेल. समोर आलेला चमचा ते का नाकारतात कुणास ठाऊक, पण आपण त्यांना एकदाही विचारलं नाही. आपण एका परक्या बाईला विचारत राहिलो आणि बाप उपाशी मरतोय.

आणि मग दुसरा घाव बसला. म्हणजे 'पोरी, माझं चुकलं' हेही त्यांचं नव्हतं.

तिने पदर तोंडात कोंबला. एकच वाक्य मिळालं होतं आयुष्यात! ते ठेवावं की बाप ठेवावा? ते खोटं आहे हे कुणाला कळलं नाही तर काय बिघडतं? असंही मनात येऊन गेलं तिच्या. का येऊ नये? ती काही दगडाची नव्हती. मग तिने डोळे पुसले आणि रस्ता ओलांडून परत आली.

*

"वाचाताई," ती आत येऊन मोठ्याने म्हणाली, "तुम्ही फक्त हात धरता ना?"

"फक्त हात, बाळ. मी नुसती पन्हळ."

"मग तुमच्या डोळ्यांचं यात काही काम नाही."

"नाहीच मुळी."

"तर मग मी तुमच्या डोळ्यांवर फडकं बांधते. बघायचं ते बाबा बघतील."

दुकानात चुळबुळ झाली. आत्या ओरडली, "धाकटे, मरणाच्या दारातल्या माणसाची परीक्षा घेतेस? लाज नाही वाटत?"

"कर नाही त्याला डर कशाला, आत्या?"

वाचाताई मंद हसली. "बांध, बाळ. तुझ्या मनाला शांती मिळू दे."

धाकटीने ब्रश पुसायचं धुतलेलं फडकं चौपदरी करून बांधलं. वाचाताईने पेंटरचा हात उचलला. आधी त्याच्या बोटाने फळीची कड चाचपली, वरचा डावा कोपरा शोधला, आणि मग बोट निघालं. श-त-ह-प-र. "शांत हो, पोरी!" शिंप्याने वाचलं, आणि दुकान दणाणून गेलं. लोक पाया पडायला लागले. दादा धाकटीकडे रागाने बघत म्हणाला, "झालं समाधान? आता तरी गप्प बस."

धाकटीने पुन्हा फळीकडे बघितलं. आपण चुकलो का? खरंच बाबाच असतील का? असते तर किती बरं झालं असतं! पण बोटाने आधी कड चाचपली होती, ते तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. ज्याला दिसतंय तो कड कशाला चाचपेल? अंधारात आपल्याच घरातला जिना उतरणारा माणूस आधी कठडा शोधतो. पायऱ्या त्याला पाठ असतात.

"थांबा, फळीवर घाम पडलाय," ती म्हणाली. "पुसून देते."

तिने फळी उचलली, पुसली, आणि वरची बाजू खाली, खालची बाजू वर अशी उलटी फिरवून परत ठेवली. पुढच्या लोकांनी ते पाहिलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. कुणी हूं की चूं केलं नाही. तमाशा कुणाला नको असतो?

त्या क्षणी दोन गोष्टी घडल्या. दुकानात खुसफूस थांबली म्हणून असेल, पेंटरने डोळे उघडले. त्याची नजर फळीवर गेली, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. वाकडी पाटी दिसली की पडायची तीच ती आठी. कित्येक दिवस त्या फळीकडे ढुंकून न बघितलेला माणूस उलटी अक्षरं दिसताच टक लावून बघायला लागला.

"बाबा," धाकटीने विचारलं, "तुम्हांला खायला देऊ का?"

वाचाताईने बोटाने कड चाचपली. कोपरा शोधला. बोट निघालं, तेवढ्याच ठामपणे.

"ट," शिंप्याने मान वाकडी करून वाचलं. "ज. त. क्ष." मग तो गोंधळून म्हणाला, "टजतक्ष? म्हणजे काय?"

"आत्म्याची भाषा गहन असते," वाचाताई फडक्याआडून म्हणाली. "मंत्र असेल."

"काना-मात्रा लावून बघा ना!" धाकटी ओरडली. "रोज लावता तशा लावा! टाजे? तक्षी? लावा की!"

मागून दादाचा आवाज आला, फार बारीक झालेला.

"थांब." तो फळीकडे बघत होता आणि हवेत बोटाने काहीतरी मांडत होता. "ट आहे तिथे आधी म होता. ज च्या जागी ल. त च्या जागी न. आणि क्ष च्या जागी क." त्याने घाम पुसला. "म, ल, न, क. मला नको."

शिंप्याने पुन्हा फळीवर वाकून बघितलं.

"फळी फिरली, पण बोट जुन्याच जागांवर गेलं," दादा म्हणाला. "बाबांना उलटी फळी दिसतेय. या बाईला दिसत नाहीये. मग 'मला नको' कोण म्हणालं?"

वाचाताईने फडकं ओढून काढलं आणि फळी बघितली. तिचा चेहरा उतरला, पण जीभ उतरली नाही. "श्रद्धेला खोट लागली की वाणी उलटी वाहते! तुम्ही आत्म्याचा अपमान केलात! याचं फळ..."

"उलटी वाहत नव्हती," दादा म्हणाला. "अगदी सुलटी वाहत होती. तुमच्या डोक्यातून."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं कितीदा लावणार? ती गर्दीकडे बघून बोलत राहिली, पण लोक आता तिच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होते. तो हात अजून पेंटरच्या मनगटावर होता. तिने तो काढून घेतला, आणि पेंटरचा हात धपकन टेबलावर पडला. त्यात स्वतःचं बळ किती उरलं होतं ते सगळ्यांना दिसलं. वाचाताई मागच्या दाराने गेली. डबा न्यायलाही थांबली नाही.

*

धाकटीला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिने कोमट दुधात ब्रेड कुस्करला आणि चमचा बाबांच्या ओठांशी नेला. पेंटरने तोंड फिरवलं.

"का हो, बाबा? काय होतंय? आता तर ती गेली!" ती रडकुंडीला आली. "खा ना हो! एवढंसं खा!" पुन्हा चमचा नेला. पुन्हा त्याने मान वळवली, डोळे गच्च मिटले.

आत्या भिंतीला टेकून पुतळ्यासारखी बसली होती. ती एकदम ताडकन उठली.

"थांब," ती म्हणाली. "पुन्हा दे. इकडून नको, तिकडून."

धाकटीने चमचा उजवीकडून नेला. पेंटरचे ओठ किंचित सैल झाले, पण मेलेल्या बाजूने दूध गळून गेलं. डावीकडून नेल्याबरोबर तो शहारला.

"अगं बाई!" आत्याने कपाळावर हात मारून घेतला. "दात येणारं पोर चमचा बघून अस्संच तोंड फिरवतं! तीन पोरं वाढवली मी, आणि मला दिसलं नाही!" तिने हात धुतले, भावाच्या केसांवरून हात फिरवला, "उघड रे, मी आहे, मी दुखवणार नाही," म्हणत त्याचा डावा गाल हळूच बाजूला ओढला. हिरडी टम्म सुजलेली, लालभडक, आणि दाढेच्या बुडाशी पू. उजवीकडून चावता येत नव्हतं आणि डावीकडून चावलं तर प्राण कंठाशी येत होते. वाचाही नव्हती सांगायला.

प्रवासाला निघालेल्याने मिटलेली दारं ती हीच. दाढ दुखत होती त्याची! आणि बाहेर माणसं हात जोडून उभी होती.

दादा डॉक्टरांना आणायला अनवाणीच पळाला. त्याच संध्याकाळी पेंटर हॉस्पिटलात पोचला. दाढ निघाली, पू निघाला, हाताला सलाईन लागली. एक रात्र तर आशाच नव्हती. तिघं बाकावर बसून होती आणि कुणी कुणाला तुझं चुकलं म्हणालं नाही. म्हणणार कोण? पुस्तक फसलं होतं, अनुभव फसला होता, आणि अकलेने सगळं कळत असून डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. आत्या एकदा नुसती म्हणाली, "आपण त्याला मारलं असतं गं." धाकटीने तिचा हात धरला.

तिसऱ्या दिवशी पेंटरने चार चमचे दूध घेतलं. पाचवा मागितला, तोंड उघडून.

*

लोक अजूनही अधूनमधून दुकानात येतात आणि ओशाळून विचारतात, "मग आता कुणाला विचारायचं?" धाकटी म्हणते, "कुणालाही विचारा. पण उत्तर आलं की रस्ता ओलांडून पलीकडे जा आणि तिथून वाचा." शहाणपण मोठं, पुस्तक मोठं की अनुभव मोठा, हे भांडण त्या घरात अजून चालतं, नाही असं नाही. पण आता तिघांना एवढं पक्कं कळलंय, की जो 'तपासू नका' म्हणतो त्याच्या हातात आपला माणूस द्यायचा नाही. आणि जे उत्तर ऐकायला आपले कान आसुसलेले असतात, ते दोनदा तपासायचं. खोटं नेहमी आपल्याच आवडीचा रंग लावून येतं.

हो-नाहीचा खेळ त्यांनी पुन्हा सुरू केला. हात कुणी धरायचा नाही. एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. आणि यावेळी तोही तपासला. दादा धाकटीच्या पाठीमागे उभा राहून रंगाचा डबा वर धरायचा. कुठला, ते तिला ठाऊक नसायचं. ती विचारत जायची. लाल? नाही. पिवळा? नाही. निळा? हो. मग मागे वळून बघायची. निळाच असायचा. पुन्हा, पुन्हा, दर वेळी. असा तासभर खेळ झाल्यावर दादा खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला. बाबा आत होते. सगळेच्या सगळे आत होते.

एका दुपारी दुकानात ती दोघंच होती. आत्या आत भांडी लावत होती. धाकटीने ब्रश धुतले, फडक्याला हात पुसले आणि बाबांच्या समोर स्टूल ओढून बसली.

"बाबा, एक विचारू?"

डोळे एकदा मिटले.

"माझी शाळा बंद केलीत. चुकलं असं वाटतं का तुम्हांला?"

पेंटरने तिच्याकडे बघितलं. बाहेर एक हातगाडी खडखडत गेली. मग त्याने डोळे मिटले. उघडले. आणि पुन्हा एकदा मिटले.

नाही.

दुखलं. खोटं कशाला बोला, फार दुखलं. आणि त्याच क्षणी तिला हसू फुटलं, आवरेचना. आयुष्यात कधी 'चुकलं' न म्हणणारा, वाकडी पाटी दिसली तर भिंत वाकडी आहे म्हणणारा, हट्टी, खडूस माणूस! ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आत्या ओल्या हातांनी धावत आली. "काय झालं गं? काय म्हणाला?"

"नाही म्हणाले."

"अगं, म्हणजे काय?"

धाकटीने बाबांचा हात हातात घेतला. त्या हाताने काही म्हणावं अशी अपेक्षा आता नव्हती.

"म्हणजे बाबाच आहेत, आत्या," ती म्हणाली.